पाडून बघू

आमच्या ऑफिसातले एक सिनियर सर कुठलाही वाद दोनच शब्दांत संपवतात: "पाडून बघू." नवी खुर्ची आली तरी आधी ती गदागदा हलवतात.

निफाडच्या द्राक्षांच्या शीतगृहासाठी आम्ही यंत्रणा बनवत होतो. तिने पंखे चालवायचे आणि तापमान नेटवर्कवरून मालकाला कळवायचं. हे कळवण्याचं काम सरांनी कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच घातलं होतं. वेग अफाट होता आणि त्यांना त्याचा अभिमानही होता.

मी भडकलो. "सर, बाहेरच्या कुणाशीही बोलणाऱ्याला थेट गाभ्यात बसवायचं? सगळी सत्ता एकाच जागी?"

"पत्रक छापतोस का भाऊ? चल, पाडून बघू."

त्यांनी स्वतःच्याच कोडला मुद्दाम वेडावाकडा संदेश पाठवला. नेटवर्क कोसळलं, त्याने अख्खा गाभाच बंद पडला आणि टेबलावरचे चाचणीचे पंखेही थांबले. सर त्या पात्यांकडे बघत राहिले. मग लाडकं कोड गाभ्यातून काढून त्यांनी ते काम बाहेर, वेगळं चालेल असं लिहिलं. वेग घटला. पुन्हा तोच संदेश पाठवला. नेटवर्क पडलं, पण पंखे फिरत राहिले.

मी विजयी हसलो.

"तुझ्या भाषणाने नाही हं," ते म्हणाले. "पंखे थांबले म्हणून."

तत्त्वासाठी भांडायला मी लहानपणीच शिकलो. स्वतःची आवडती गोष्ट इतक्या शांतपणे पाडायला माणूस कुठे शिकतो, ते मला अजून कळलेलं नाही.