आबांचं वेड पांघरणं

माहेरी काय आणि सासरी काय, कॉलेजची पदवी घेतलेली पहिली मीच. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. पण लेकीचे शब्द जायला लागले, तेव्हा माझ्याही काही लक्षात आलं नाही.

तिला तिसऱ्या वर्षी फिट यायला लागल्या. त्याआधी ती ‘दूध दे’, ‘बाबा गेला’ असं छान बोलायची. मग एकेक शब्द गळत गेला आणि उरलं ते नुसतं बोट दाखवणं. पुण्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, फिट थांबल्या. शब्द मात्र आले नाहीत. ते येतील की नाही, हे कुणी ठामपणे सांगेना.

घरात तर ठरूनच गेलेलं, पोरीला बोलायला लावायचं नाही. डोक्याला ताण येईल, परत फिट येईल. माझे सासरे, आबा, इतके तरबेज झालेले की तिचं बोट उठायच्या आत चहात बुडवलेलं बिस्कीट तिच्या तोंडाशी.

हिंजवडीच्या स्पीच थेरपीच्या बाई हे ऐकून म्हणाल्या, “बोलल्यामुळे फिट येत नाही हो. तिला बोलायची गरजच ठेवली नाहीत तुम्ही. आता कळलं तरी न कळल्यासारखं करा.”

घरी येऊन आबांना सांगितलं.

“म्हंजी नातीम्होरं येड पांघरू?”

“व्हय.”

“जमंल. तुझी सासू तर मला खराच येडा समजती.”

तेव्हापासून तिनं बिस्किटांच्या डब्याकडे बोट दाखवलं की आबा चप्पल आणून देत. पुन्हा बोट, तर उशी. ती रडायची. सासूबाई करवादायच्या, “लेकराला छळताय निस्तं.” मलाही तसंच वाटे. दिवाळी गेली, भात झोडून झाला, बोट काही खाली येईना.

एका सकाळी आबांनी तिच्यापुढं खराटा धरला. तिनं तो ढकलला. तोंड वेडंवाकडं झालं. फिटच आली म्हणून मी गॅसपासून धावले.

“आबा, बिस्कुट दे. खराटा न्हाई.”

मी मधेच थांबले. किती महिन्यांनी छाती भरून श्वास घेतला असेल.

आबांचे डोळे भरलेले, पण आवाज तसाच. “मला काय कळत न्हाई व्हय? येडा हाय का मी?”

“व्हय.”

पोरीचं उत्तर ऐकून सासूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

“आबा, द्या आता तिला,” मी म्हटलं.

त्यांनी डबा पाठीमागं धरला. “थांब की गं. आणखी एकदा येडा म्हणू दे.”