सोमवारची पाटी

विनय, ये बाबा, जरा जवळ सरक. कागदावर लिहितेय म्हणून काय झालं, आत्या समोर बसून बोलतेय असंच समज. परवा तुझ्या बायकोचा फोन आला होता. एका रविवारी तीन गावांच्या उपासना, तेही अंगात ताप असताना, आणि दिलेला डबा तसाच परत आणलास म्हणे. मी विचारलं तर तू काय म्हणालास? "प्रभूची सेवा आहे, आत्या, तो बघून घेईल." वा रे वा. पिंपळनेरला पाळक होऊन अजून दोन वर्षं झाली नाहीत, आणि हे वाक्य पाठ झालं? हेच वाक्य बोलणारा एक माणूस आम्ही जळगावला मातीत ठेवला. त्याच्याबद्दल तू मंडळीत गोड गोड ऐकलं असशील. आता खरं ऐक.

आमचे पाळकसाहेब खुर्चीच्या कडेवर बसायचे. पाठ कधी टेकायचे नाहीत. कुणाच्याही घरी जावोत, अर्धं अंग खुर्चीत आणि अर्धं पुढच्या घराकडे. एकदा मी म्हटलं, साहेब, नीट बसा की, खुर्ची काही पळत नाही. तर हसून म्हणाले, "टेकलो तर उठणं जमायचं नाही, बाई." मला तेव्हा त्याचं केवढं कौतुक वाटलं. चार घरी मी ते सांगितलं. त्या माणसाला बसवत नाहीये की उठवत नाहीये, हे बघायची अक्कल कुणाला होती?

घरभेटींना ते जुन्या स्कूटरवरून जायचे. दाल मिलच्या चाळीपासून थेट फैजपूरच्या केळीच्या मळ्यांपर्यंत. ऊन म्हणू नका, लू म्हणू नका. आणि प्रत्येक घरी चहा. आपल्या खान्देशातला चहा म्हणजे तुला माहीत आहे, साखर पाण्यात नाही, पाणी साखरेत. पुढे त्यांना शुगर निघाली. डॉक्टरांनी गोड बंद केलं. त्यांनी पहिल्याच घरी हात जोडून नको म्हटलं, ते घर होतं साराआजीचं. म्हातारी मूळची धुळ्याकडच्या खेड्यातली, तिचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, "देवना माणूसले साखर काय करस?" देवाच्या माणसाला साखर काय करणार? ते मुकाट्याने प्याले. पुढच्या घरीही प्याले, कारण साराआजीकडे प्याले आणि आमच्याकडे नको म्हणतात, अशी बातमी त्यांच्या स्कूटरच्या आधी पोचलेली असायची. मी स्वतः मुलाला नोकरी लागली तेव्हा आभाराच्या प्रार्थनेला शिरा केला आणि दोनदा वाढला. "प्रेमाने दिलेलं बाधत नाही," असं ते म्हणाले. आम्ही ते वाक्य वचनासारखं सांगत फिरलो. बाधत होतं रे. रोज बाधत होतं.

आणि शुक्रवारची उपास-प्रार्थना. सकाळी शुगरची गोळी घ्यायचे आणि दिवसभर पाण्याशिवाय काही नाही. पाळकानेच खाल्लं तर मंडळीने उपास कशाला करायचा, असं त्यांचं म्हणणं. दुपारनंतर प्रार्थना करताना ते थरथरायला लागायचे. सदरा घामाने चिंब, आवाज जड, शब्द अडखळायचे. आम्ही बायका डोळे मिटून मोठ्याने आमेन म्हणायचो. पवित्र आत्मा उतरला, आत्मा उतरला. एका शुक्रवारी पाळकीणबाई मागच्या बाकावरून धावत पुढे आल्या आणि भर प्रार्थनेत त्यांच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. थोड्या वेळाने थरथर थांबली. आम्हाला काय वाटलं असेल सांग? आम्हाला राग आला. बाई विश्वासात कमी पडतात, असं आम्ही वाटेत बोललो. उपाशी माणसाची साखर उतरलेली, आणि आम्ही म्हणतो आत्मा उतरला.

त्यानंतर पाळकीणबाईंनी हट्ट धरला. रविवार तुमचा नाही, तर एक दिवस तरी तुमचा असू द्या. मग त्यांच्या दारावर पुठ्ठ्याची एक पाटी लागली, साहेबांच्याच सुबक अक्षरात: सोमवारी पाळक भेटणार नाहीत, कृपया मंगळवारी यावे. दोन सोमवार ती पाटी टिकली. त्या दोन आठवड्यांत त्यांच्या तोंडावर जरा रंग आला होता, हे मी आज कबूल करते.

तिसऱ्या सोमवारी मी गेले. सुनेशी माझं वाजलं होतं, आणि साहेबांनी येऊन तिला चार शब्द सांगावेत, असं मला वाटत होतं. पाळकीणबाईंनी दार किलकिलं केलं. हळूच म्हणाल्या, "झोपलेत, अक्का. आजचा दिवस राहू द्या." एवढंच. वाईट काही बोलल्या नाहीत. पण मी उन्हात उभी होते, पायऱ्या उतरताना समोरच्या घरातल्या बाईने मला परतताना पाहिलं, आणि ते मला लागलं. पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर कमिटीची माणसं अंगणात उभी होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलले, "मेंढरं काय सोमवारी चरत नाहीत का?"

सगळे हसले. साहेबही हसले. चष्मा पुसत म्हणाले, बाईंचं बरोबर आहे. तिथून सरळ घराकडे गेले आणि आमच्या डोळ्यांदेखत पाटी काढली. पाळकीणबाई दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. त्या सोमवारपासून लोक पुन्हा यायला लागले. काहींना तर कामही नसायचं.

त्या उन्हाळ्यात बुटाने त्यांच्या पायाला घासलं. शुगरने पायाला काही कळतच नव्हतं त्यांच्या. कळलं तेव्हा पवित्र सप्ताह चालू होता, रोज उपासना, म्हणून दोन मोजे चढवून उभे राहिले. ईस्टरनंतर बघू म्हणाले. ईस्टरनंतर डॉक्टरांनी आधी बोटं काढली, मग पाय, आणि मग विष अंगात पसरलं. चोपन्नाव्या वर्षी गेले.

दफनाला जागा पुरली नाही एवढी माणसं आली. एकामागून एक बोलायला उठले: सेवेत झिजले, मेणबत्तीसारखे जळले. मीही रडले. कबरीवर मूठभर माती टाकून मी पाळकीणबाईंजवळ गेले, हात धरला. त्यांनी हात सोडवला नाही. माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "अक्का, तुमचं आणि सुनेचं मिटलं का हो त्यावेळी?"

भांडण कशावरून होतं, तेच मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. महिन्याभरात कमिटीने नव्या पाळकासाठी घर मोकळं करून घेतलं आणि त्या माहेरी निघून गेल्या. मी दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही, येऊही नये.

म्हणून तुला सांगते, विनय. लोक वाईट नसतात, प्रेमच करतात, पण त्यांना तुझं अंग दिसत नाही, त्यांना फक्त पाळक दिसतो. चहा नको तर नको म्हण. रुसतील. रुसू दे, मी रुसले होते तर काय मेले नाही. ताप असेल त्या दिवशी उपासना एखाद्या वडीलधाऱ्याला घेऊ दे. त्यांना प्रार्थना येते. आणि बायको दार लावून घेत असेल, तर तिला आडवा जाऊ नकोस.

आता ये. धुळ्याला गाडी बदल, तिथून जळगाव काही लांब नाही. दोघं या, दोन दिवस राहा. कळण्याची भाकरी आणि ठेचा करीन, मागच्या खोलीत पंखा लावून ठेवीन. माझ्या घरी तुला प्रार्थना करायला सांगणार नाही, कुणाला भेटायला नेणार नाही, शेजारी आले तर मी बाहेरच बोलेन. तू फक्त झोप काढ. लवकर ये बाबा, याच आठवड्यात ये.