पाय काढल्यावरचा आवाज

मिस्त्रींना एका वेळी दोन कामं जमत नसत. गाडी चालवायला बसले की ऐकणं राहायचं, आणि ऐकायला लागले की गाडी गटारात जायची. खरोखरच गेली होती, दोनदा. त्यामुळे तपासणीच्या वेळी ते गाडीच्या मालकालाच चालवायला बसवत. पण आपली गाडी म्हटल्यावर मालकाचा पाय पेडलवर असा हळुवार पडायचा की गाडीचं दुखणं बाहेरच येत नसे. शेवटी लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात त्यांनी बायकोला जीप शिकवली. ती दुसऱ्याची गाडी बिनधास्त दामटायची. "आम्ही मुलगी दिली होती, ड्रायव्हर नव्हता दिला," अशी तिच्या आईची कुरकुर पुढे कित्येक वर्षं चालू होती.

या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. बायकोला आता सगळे वहिनी म्हणतात. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन गाड्या मावतात, तिसरी आली की तिचं नाक रस्त्यावर राहतं. येतात त्या बहुतेक जुन्या जीपगाड्या, जिथे रस्ता संपतो तिथून पुढे जाणाऱ्या. मागच्या एक्सलचं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या आसाचं, दुखणं म्हटलं की लोक दोन गावं ओलांडून मिस्त्रींकडेच येत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. मागची सीट काढायची, जीपच्या तळावर आडवं व्हायचं, हातभर लाकडी दांडक्याचं एक टोक एक्सलच्या बरोबर वर टेकवायचं आणि दुसरं कानाजवळच्या हाडाला. मग डोळे मिटून हुकूम सोडायचे. दाब. सोड. डावीकडे घे. दाबताना आवाज आला तर मोठ्या दातेरी चाकाचे दात गेले. पाय काढल्यावर आला तर पिनियनचं बेअरिंग, म्हणजे इंजिनाचा जोर त्या दातेरी चाकाला देणारा जो छोटा दांडा असतो, त्याचा आधार. वळताना कडकड झाली तर आतली लहान चाकं. पुढे बसून हे सगळं ऐकता ऐकता वहिनींचेही कान तयार झाले होते. ते कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी एका शाळेच्या गाडीची तपासणी चालली होती. पाय काढला की मागून सुईसारखा बारीक सूर निघत होता. वहिनी वाट बघत राहिल्या. मिस्त्री उठून बसले आणि म्हणाले, "छान आहे गाडी." मग वहिनींनी घरीही लक्ष ठेवलं. ठोके, धडधड, खडखड असले जाड आवाज मिस्त्रींना नीट कळत होते. बारीक तेवढे गेले होते. दारावरची घंटा त्यांच्यासाठी कधीच वाजत नव्हती.

स्पष्ट सांगायला हवं होतं, हे वहिनींना तेव्हाही कळत होतं. पण ज्या माणसाची उभी हयात ऐकण्यावर गेली, त्याला ऐकू येत नाही हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांनी वेगळीच वाट काढली. त्या सांगायच्या नाहीत, विचारायच्या. "अहो, पाय काढल्यावर जरा कण्हली का हो?" मिस्त्री क्षणभर थांबायचे, मग मान हलवायचे. "कण्हली. पिनियन बघायला हवं." वहिनी लगेच कौतुकाने म्हणायच्या, "तुमच्या बरं लक्षात येतं!" इतका साळसूद चेहरा करून इतकं खोटं बोलणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

आणि परवा जनावरांची डॉक्टरीण आली.

तिची जीप तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिला डोंगरावरच्या कुरणांकडे निघायचं होतं. मेंढ्यांमध्ये साथ होती आणि लसीचे डबे बर्फात ठेवलेले होते. वाट कशी, तर एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. "मागून काहीतरी आवाज येतो. माझ्या मनाचे खेळ असतील. पण एकदा ऐका," ती म्हणाली आणि वहिनींच्या शेजारी जाऊन बसली. गिऱ्हाईक तपासणीला सोबत येण्याची ही कितीतरी वर्षांतली पहिलीच वेळ.

डांबरी रस्त्यावर पाय काढताच वहिनींनी तो सूर ओळखला. मग त्यांनी मुद्दाम गाडी मातीच्या वाटेला घातली. तरी तोच सूर. परतताना त्यांनी तोंड उघडलं, "अहो, पाय काढल्यावर..." पण डॉक्टरीण मागे वळून आधीच विचारत होती, "काय मिस्त्री, जाऊ ना उद्या?"

"खुशाल जा. टायरचा आवाज आहे. जाड नक्षीचे टायर असेच गुणगुणतात."

शेडसमोर गाडी थांबली. डॉक्टरीण किल्लीसाठी हात पुढे करून उभी. वहिनींच्या मुठीत किल्ली. समोर नवरा फडक्याला हात पुसत होता, आणि त्याच्या शब्दाला आजवर गिऱ्हाइकासमोर कुणी नाही म्हटलं नव्हतं, त्यांनी तर नाहीच नाही. विचारून भागणार नव्हतं. डॉक्टरिणीला उत्तर मिळालं होतं.

"गाडी नेऊ नका," वहिनी म्हणाल्या. "टायर नाहीत ते. टायर असते तर मातीवर आवाज बदलला असता. तो बदलला नाही. पिनियन गेलंय."

डॉक्टरीण एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. मिस्त्रींचा चेहरा भर चौकात कुणी थोबाडीत मारावी तसा झाला. वहिनींना वाटलं, जमीन फाटेल तर बरं. मिस्त्रींनी पोतं अंथरलं आणि ते गाडीखाली सरकले.

त्यांनी इंजिनाकडून येणारा लांब दांडा सोडवला. पिनियनचं उघडं पडलेलं टोक मुठीत धरलं आणि वर-खाली हलवलं. हलायलाच नको ते टक्टक् हललं. बराच वेळ ते टोक धरून नुसते पडून राहिले. मग एक्सलचं मागचं झाकण उघडून तेल तसराळ्यात घेतलं. तेलात चमकी पेरावी तसा लोखंडाचा चुरा होता. तसराळं त्यांनी डॉक्टरिणीपुढे ठेवलं.

"उद्या कड्यावर हे अडकलं असतं, तर मागची चाकं जागच्या जागी जाम झाली असती," ते म्हणाले. डॉक्टरिणीने लगेच दुसरी गाडी आणि आणखी बर्फ यांच्यासाठी फोन सुरू केले.

पुढचे दोन दिवस मिस्त्री आणि वहिनी यांच्यात पाना दे, दिवा धर, यापलीकडे बोलणं झालं नाही. बेअरिंगच्या रोलरांवर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे होते. नवी बेअरिंगं बसवली. पातळ पत्र्या घालून अंतर जमवलं. दात नीट जुळतात का बघायला त्यांना रंग लावून चाक फिरवलं. रंगाचा ठसा दाताच्या टोकाकडे उमटला, म्हणून सगळं परत उघडलं, एक पत्री बदलली. तिसऱ्या खेपेला ठसा बरोबर मधोमध आला. हातांच्या कामात मिस्त्रींना तोड नव्हती, आणि ते बघताना वहिनींना उगाचच रडू येत होतं.

गाडी पुन्हा फिरवून आणली. डॉक्टरीण दारातच उभी होती. तिने सवयीने मिस्त्रींकडे बघितलं. "झाली?"

"तिला विचारा," मिस्त्री म्हणाले. "मला बारीक आवाज येत नाहीत."

इतकं सरळ म्हणाले की डॉक्टरिणीला त्यात काही विशेष वाटलंच नाही. वहिनींनी मात्र वळून नवऱ्याकडे बघितलं. "झाली," त्यांनी कसंबसं सांगितलं. "महिन्याने तेल बदलायला आणा."

गाडी गेल्यावर मिस्त्री नळावर कोपरापर्यंत साबण चोळत बसले. "कधीपासून?"

"दीड वर्ष. शाळेच्या गाडीपासून."

"ती मी चांगली आहे म्हणून सांगितलं होतं."

"मग मी विचारलं, कण्हली का. तुम्ही उघडलीत."

"पाणीवाल्याची?"

"तिचंही मी विचारलं होतं."

"आणि त्या लाकूडवाल्याची, लाल?"

"तिला काही नव्हतंच. खरंच."

मिस्त्री एकेक गाडी आठवून विचारत राहिले. साबण हातावर वाळून गेला. "म्हणजे एकही चुकून गेली नाही?"

"एकही नाही."

ते पायरीवर बसले आणि साबणाच्या हातांनीच तोंड झाकलं. खांदे हलत होते. वहिनींनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हाही नाही.

"मला कळत होतं काहीतरी निसटतंय," ते म्हणाले. "नक्की काय, ते कळत नव्हतं. रोज सकाळी फिरायला जातो म्हणून सांगतो ना, ते फिरायला नसतं. एकेकाच्या दारात जाऊन गाडीखाली शिरतो. पिनियन हाताने हलवून बघतो. शाळेचा रखवालदार तर हसतो मला. डॉक्टरिणीकडेही जाणार होतो. पण ती उजाडायच्या आत निघणार होती."

वहिनींना पुढे ऐकवेना. त्यांना वाटत होतं, आपण याची अब्रू झाकतोय. आणि हा मात्र वर्षभर थंडीवाऱ्यात लोकांच्या गाड्यांखाली पाठ टेकत होता, एकटा, ही भीती पोटात घेऊन. कोपरांना माती दिसली की त्या खुशाल रागवायच्या, फिरायला गेल्यावर बाकावर नीट बसता येत नाही का म्हणून.

त्या पायरीवर शेजारी बसल्या आणि पदराने त्यांचे हात पुसले.

"उद्यापासून सकाळी झोपायचं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तेच पुन्हा मोठ्याने म्हणाल्या.