दोन ताटांचं पोट

लाल गाडीवर कंडक्टर होऊन मला बावीस वर्षं झाली. लातूर-नांदेड हा माझा रूट. चाकूरपासून विष्णुपुरीपर्यंत मला न ओळखणारं माणूस मिळणं कठीण, आणि ओळखतात ते आवाजावरनं आणि आकारावरनं. "आज जाडी बाई हाय का गाडीवर?" असं कॉलेजची पोरं स्टँडवर विचारतात. मी ऐकते आणि त्यांनाच शेवटपर्यंत उभं ठेवते.

एकशे अठरा किलो. सांगायला मला लाज वाटत नाही. ज्याला उचलायचंय त्यानं लाजावं, मी तर रोज उचलतेय. लाज एकदाच वाटली, ती सांगते.

बाजाराचा दिवस होता, गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. लोहा अजून यायचं होतं तेवढ्यात मागच्या सीटवरनं ओरडा झाला, "बाई, पोरीला चक्कर आली!" सात-आठ महिन्यांची गरोदर पोर, माहेराला निघालेली. मी तिकिटाचं मशीन गळ्यात सावरलं आणि निघाले. चार सीटा ओलांडल्या आणि अडकले. एका बाजूला ज्वारीचं पोतं, दुसऱ्या बाजूला माणसं, मधे मी. मला पुढं जाता येईना, माझ्यामुळं दुसऱ्या कुणालाही जाता येईना. एक म्हातारा म्हणाला, "बाई, तुमीच जरा माघारी सरका, म्हंजी कुनी तरी पोचंल तिच्यापशी." वाईट बोलला नाही तो, बरोबर बोलला. माझी पाण्याची बाटली हातोहात मागं गेली, मी नाही गेले. पोर सावरली, लोह्याच्या दवाखान्यासमोर गाडी थांबवून तिला उतरवलं. पण मला स्वतःचा इतका संताप आला की नांदेड येईस्तोवर मी कुणाशी धड बोलले नाही.

त्यात गुडघे. हाडाच्या डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं होतं की वजन उतरल्याशिवाय गुडघ्याला हात लावणार नाही. साखर होतीच. डेपोतले साहेब माझ्या भल्याचंच बोलले, "बाई, चार वर्षं राहिली तुमची. खिडकीवर बसा, रिझर्व्हेशनला." मी म्हणलं, "साहेब, खिडकीत बसवण्यापरीस घरीच बसवा की मला." मला गाडीच पाहिजे होती. उभ्यानं, घंटीची दोरी ओढत, माणसं चढवत-उतरवत चार वर्षं काढायची आणि मग चालत घरी जायचं, हे माझं ठरलेलं होतं. ते होतं की नाही हे आता वजनावर येऊन थांबलं होतं.

पोटाला पट्टा बसवायचं ऑपरेशन असतं हे मला रोज आमच्या गाडीनं येणाऱ्या एका नर्सबाईंनी सांगितलं. मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी घरी बोलून टाकलं.

आमचे हे शिंपी. मशीन घरातच. लेकरं लहान होती तेव्हा माझी ड्युटी कधी पहाटेची, कधी मुक्कामाची, म्हणून स्वयंपाक ह्यांनी हातात घेतला, तो कायमचाच. भावकीत लोक लई हसले. ह्यांनी त्यांच्याकडं कानाडोळा केला आणि भाकरी थापत राहिले. आता लेकरं आपापल्या संसाराला लागली, तरी मी ड्युटीवरनं आले की हातपाय धुऊन होईस्तोवर ताट तयार असतं. गरम भाकरी, पिठलं नाहीतर पालेभाजी, ठेचा, वर तेलाची धार. हे समोर बसतात आणि मी खाते ते बघतात. माझा खाकी ड्रेसही तेच शिवतात. दरवर्षी दोन बोटं सैल करायचे आणि तोंडातनं चकार शब्द काढायचे नाहीत.

पण ऑपरेशनचं नाव काढल्यावर मात्र काढला. "धडधाकट पोटाला चिमटा लावून घेनार? का? मी घालतो ते जिरंना का तुला?"

"जिरतंय म्हणूनच तर ही गत झाली," मी म्हणलं.

हे उठून मशीनवर जाऊन बसले. बोलणं अर्धं टाकून मशीनवर बसणं म्हणजे ह्यांचा नकार, हे मला तीस वर्षांत पाठ झालंय. मी तरीही नांदेडच्या डॉक्टरांचा नंबर लावला.

डॉक्टर बोलायला सरळ होते. दुर्बिणीतनं पोटाच्या वरच्या टोकाला पट्टा बसवायचा, त्यानं वर छोटी पिशवी होते आणि ती थोडक्यात भरते. कातडीखाली एक बटण ठेवतात, त्यातनं सुईनं पाणी भरून पट्टा आवळायचा नाहीतर सैल करायचा. नकोच झाला तर काढता येतो. मग म्हणाले, "पण मी तो हल्ली क्वचितच बसवतो. आता बहुतेक जण पोटच कापून लहान करून घेतात, वजन जास्त उतरतं. पट्ट्याचं काम सावकाश. कधी तो सरकतो, कधी काढावा लागतो. आणि आवळायला सारखं दवाखान्यात यावं लागतं, लोक तिथंच कंटाळतात."

मी म्हणलं, "येण्याचं मला काय सांगता साहेब, मी रोजच नांदेडात असते. आन् कापलेलं काय परत चिकटत न्हाई. मला पट्टाच बघा."

ते हसले. "बघू. पण पट्ट्याला पातळ अडवता येत नाही. चहा, सरबत, आईस्क्रीम सरळ खाली जातं. खाण्यावर तुमचा ताबा नसेल तर पट्टा एकटा काही करणार नाही." आणि मला आहाराच्या मॅडमकडं पाठवलं. मॅडम म्हणजे माझ्या धाकट्या लेकीएवढी पोर. तिनं एक वही दिली आणि सांगितलं, "मावशी, पंधरा दिवस तोंडात जे जाईल ते सगळं लिहायचं. आणि पुढच्या वेळी घरचं कुणी तरी सोबत आणा."

लिहिण्यात मी कच्ची नाही. रोजच्या रोज, वेळेसकट लिहिलं. पंधरा दिवसांनी सुट्टी टाकून ह्यांना घेऊन गेले. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि चेहरा असा, जसा काही मीच ह्यांना दवाखान्यात भरती करायला चाललेय.

मॅडमनं वही वाचली, पुन्हा पहिल्या पानावर गेली. "मावशी, सकाळी एक भाकरी, संध्याकाळी दोन. एवढ्यावर एकशे अठरा किलो कसं होईल? दुपारी काहीच खात नाही?"

"दुपारी मी ड्युटीवर असते."

"ड्युटीवर काही खात नाही?"

"खाते की. पण ते हाटेलचं."

आता हे समजायला आमची पद्धत माहीत पाहिजे. अहमदपूर सोडलं की रस्त्याला एक हाटेल आहे, आमची गाडी तिथं थांबते. प्रवासी बाहेर बसतात, ड्रायव्हर-कंडक्टरला आत वेगळं टेबल. ताट न मागता येतं, त्याचे पैसे कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. मी नोकरीला लागायच्या आधीपासून असंच चालू आहे. जाताना पुरी-भाजी, भजी. येताना भरगच्च थाळी, वर जिलेबी. दोन्ही वेळेला चहा, तो चमचा उभा राहील असा गोड.

मी लपवलं नव्हतं, देवाशपथ. मला ते जेवण वाटतच नव्हतं. जेवण म्हणजे घरी, हातपाय धुऊन, ह्यांच्यासमोर बसून. हाटेलचं ताट म्हणजे ड्युटी, छातीवर बिल्ला लावायचा तसं एक काम. बावीस वर्षं विनातिकीट माणसं हुडकून काढली आणि स्वतःच्या पोटात रोज दोन ताटं विनातिकीट चाललेली मला दिसली नाहीत. पोरीनं मला अशी पकडली की मी हसले.

हे हसले नाहीत. "येताना बी?" एवढंच त्यांनी विचारलं.

"येताना बी," मी म्हणलं.

मॅडमनं सांगितलं, तीन महिने हाटेल बंद, मग काय ते ठरवू.

परतीच्या गाडीत आम्ही दोघं प्रवाशासारखे सीटवर बसलो. लोहा मागं पडलं तरी हे खिडकीबाहेरच बघत होते. मग एकदम म्हणाले, "म्हंजे संध्याकाळी तू भरल्या पोटी जेवायलीस? इतकी वर्षं?"

मी चिडले. चूक पकडली गेली की मी चिडतेच. "मग काय करू? तुम्ही गरम भाकरी घेऊन समोर बसणार, आन् मी म्हणू का की माझं झालंय?"

"म्हनायचं की."

"एकदा म्हणून बघितलं होतं. तुम्ही काय केलं होतं आठवतंय? तुम्ही बी जेवला नव्हता त्या दिवशी."

हे पुन्हा खिडकीकडं वळले. मला वाईट वाटलं, लई वाईट वाटलं, पण बोललेलं परत घेता येत नाही. दोन दिवस घरात कुणी बोललं नाही. भाकरी मात्र वेळेवर मिळाली.

हाटेल मी दुसऱ्याच दिवशी सोडलं. हाटेलवाला हातात ताट घेऊन गाडीपाशी आला, "बाई, आमचं काय चुकलं का?" ड्रायव्हर म्हणाला, "बाई, तुम्ही न्हाई तर मला एकट्याला आत बसायला कसंतरीच होतंय, जिलेबी तरी खावा." मी म्हणलं, "माझ्या वाटची तुम्ही खा, आन् पुढच्या वर्षी माझ्यासंगं दवाखान्यात चला." गोड चहा सोडताना आठ दिवस डोकं ठणकलं. पण सोडलं म्हणजे सोडलं. त्या बाबतीत मी माझीच पाठ थोपटते.

सात किलो उतरले आणि काटा थांबला. शेवटचा महिनाभर तो हलला नाही. कारण मला माहीत होतं. संध्याकाळचं ताट. हे एकच भाकरी वाढायचे आणि दुसरी मी उठून घ्यायचे. पोट नको म्हणत असायचं, तरी घ्यायचे. दिवसभर पन्नास लोकांशी घसा फोडून आलेली बाई मी. ते ताट पुढं आलं की माझी ड्युटी संपायची. एरवी ती संपतच नाही. हे मी त्या मॅडमला शब्दांत सांगू शकले नाही, म्हणून वहीत नुसतं "भाकरी दोन" असं लिहीत गेले. यावेळी वहीतनं काही सुटलं नाही, एवढंच.

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा डॉक्टरांसमोर बसलो. ते म्हणाले, "सात किलो स्वतःहून उतरवणं सोपं नाही. ताबा आहे तुमचा. आता पट्टा बसवला तर उपयोग होईल. काय ठरलं?"

मी तोंड उघडायच्या आत हे बोलले. रस्त्यात मनात घोकून आलेले असणार, कारण एका दमात बोलले. "साहेब, मी आजपासून रांधनं बंद करतो. हिला पथ्याचा डबा लावू बाहेरचा. माझ्याच ताटानं झालंय हे, मला कळलंय. मंग तरी हिच्या पोटाला हात लावायची गरज न्हाई ना?"

खोलीत डॉक्टर होते, ती आहाराची पोर होती, दाराशी सिस्टर होती. मला काही दिसेना. मी गाडीत ओरडते तशी ओरडले, "कुनी सांगितलं तुम्हाला रांधनं बंद करायला?"

"तुझ्यासाठीच म्हनतोय."

"माझ्यासाठी काय करायचं ते मी सांगते. हाटेलचं ताट मी एका दिवसात सोडलं, मागं वळून बघितलं न्हाई. तुमचं सुटत न्हाई. आन् मला ते सोडायचंच न्हाई. ते मला मरेपर्यंत पाहिजे. गाडी बी पाहिजे आन् तुमचं ताट बी पाहिजे. मग ते वाटीभरात भागलं पाहिजे का नको? त्यासाठी करून घ्यायलेय मी हे. तुम्ही चूल बंद केली तर मी पट्टा कशापायी लावू?"

बावीस वर्षांत गाडीत कधी रडले नाही, दवाखान्यात रडले. डॉक्टरांनी दोन कागद पुढं सरकवले, एक माझ्या सहीचा, एक घरच्या माणसाच्या. मी माझी सही केली, मोठी, ठसठशीत. ह्यांनी पेन हातात घेतला, टोक कागदावर टेकवलं आणि थांबले. मी मनात म्हणलं, आता हा माणूस उठून जातो.

"साहेब," हे म्हणाले, "ऑपरेशन झाल्यावर हिला पयल्यांदा काय द्यायचं खायला?"

"सुरुवातीला फक्त पातळ. वरणाचं पाणी, गाळून. दोन-दोन चमचे."

"फोडनी घालून?"

"नाही हो, फोडणी नको."

ह्यांनी थोडा विचार केला. "मंग नुसतं हिंग तरी चालंल का? बिनहिंगाचं ती पीत न्हाई."

डॉक्टरांनी त्या पोरीकडं बघितलं, पोरीनं मान हलवली, चिमूटभर चालेल म्हणाली. मग ह्यांनी सही केली.