चोपन्न चाकांचे काका

रूळ नाहीत, स्टेशन नाही आणि आता मुळात गाडीच नाही, अशा गाडीची वाट पाहणारा अख्ख्या अमेरिकेत एकच माणूस होता आणि तो ट्रॉय गावात माझ्या शेजारी राहत होता. नव्वदच्या दशकात मी तिथे एम.एस. करत होतो आणि जेवायला बहुधा या काकांकडेच असायचो. काका मूळचे नागपूरचे. एका मोटार कंपनीत त्यांनी आयुष्यभर वायपरच्या मोटरी केल्या, पण जीव जडला होता तो अमेरिकन लष्कराने साठच्या दशकात प्रयोग म्हणून बांधलेल्या एका अजस्र मालगाडीवर. दहा फुटी रबरी चाकं, तीही चोपन्न, आणि प्रत्येक चाकाला स्वतःची मोटर. रस्ता नसेल तिथे, बर्फातून, वाळूतून तिने सामान न्यायचं होतं. पुढे मोठी हेलिकॉप्टरं आली, गाडी भंगारात गेली आणि अ‍ॅरिझोनात तिची नुसती केबिन उरली. घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी हे ऐकावं लागे. "कोणी कोणाला ओढत नव्हतं, यार! एकेक डबा आपल्या जोरावर चालायचा," असं म्हणताना काकांचा आवाज भरून यायचा. काकू तेवढ्यात चहा गाळून आणत.

त्या गाडीचे मागचे डबे पुढच्या डब्याच्या चाकोरीतूनच वळत, याचं काकांना भारी कौतुक. एका बुद्धपौर्णिमेला आम्ही नऊ गाड्या घेऊन कार्यक्रमाच्या हॉलवर निघालो, तर त्यांनी सगळ्यांना बजावलं, "लेन बदलायची नाही, ओव्हरटेक करायचं नाही, माझ्या मागे या." पहिल्याच वळणावर काका चुकले. मागच्या आठांना चूक दिसत होती, पण शिस्त म्हणजे शिस्त. शेवटी आम्ही एका कार वॉशच्या अरुंद लेनमध्ये शिरलो. मागे वळायला जागाच नव्हती. मांडीवर खिरीचं पातेलं धरून बसलेल्या काकूंसकट नऊच्या नऊ गाड्या धुऊन निघाल्या. "बट एव्हरीवन न्यू द वे!" त्यांची मुलगी ओरडली. काकांचा चेहरा मात्र फुलला होता. "एकही गाडी चाकोरी सोडून गेली नाही," ते म्हणाले. कार्यक्रमाला आम्ही तासभर उशिरा पोचलो.

रिटायर होऊन नागपूरला परतायच्या आत ती केबिन एकदा डोळ्यांनी पाहायची, एवढंच त्यांना हवं होतं. दरवर्षी रजा ठरायची. मग एकदा वडिलांचं आजारपण निघालं, एकदा भाचीचं लग्न, आणि अ‍ॅरिझोनाचं तिकीट नागपूरचं व्हायचं. "कॅन्सल केलं रे," ते हसून सांगायचे. ते हसू मला बघवत नसे. मला अ‍ॅरिझोनातच, फिनिक्सला नोकरी लागली तेव्हा मीच फोन केला, "काका, आता या. मी ड्राइव्ह करतो."

केबिन चांगली दुमजली घराएवढी निघाली. तिच्या मागे उघडी वाळू. काका पाठ असलेली लांबी पावलांनी मोजत मागे मागे निघाले आणि शेवटचा डबा असता तिथे जाऊन थांबले. एवढेसे दिसत होते. तिथून त्यांनी केबिनपाशी उभ्या असलेल्या मला ओरडून सांगितलं, "चल!" मला लाज वाटली, पण मी चार पावलं पुढे टाकली. वळून पाहिलं, तर काकाही बरोबर चार पावलं पुढे आले होते आणि दोन्ही हात वर करून हसत होते.

आता काका नागपूरला असतात. लांबच्या रस्त्यावर एकटा असलो की मी उगाचच आरशात पाहतो. मागे कोणी नसतं. फार आठवण येते.