गुरुवारची दालचिनी

आमच्या शेजारच्या चिंतामणीभाऊंना कुठलंही दुखणं सांगा, ते आधी खिशात हात घालत. खिशात दालचिनी. तोंडाला वास येतो, चघळा. सर्दी झाली, चहात टाका. खोकला आहे, पूड मधातून चाटा. पोट बिघडलं, कोमट पाण्याबरोबर चिमूटभर घ्या. सायकलची चेन सारखी पडते म्हणून मी एकदा कुरकुरलो, तेव्हाही त्यांचा हात खिशाकडे गेला होता. कचेरीतले साधे कारकून, पण भिवंडीच्या आमच्या गल्लीत त्यांना डॉक्टरपेक्षा जास्त मान. मला त्याचा भयंकर राग यायचा.

रागाचं कारण डोकेदुखी. गल्लीच्या दोन्ही अंगांना कापड विणायचे लूम, दोन्ही शिफ्टना खडखडाट. ज्याचं डोकं दुखत नाही तो पाहुणा, असं आम्ही खुशाल समजायचो. भाऊंचा उपाय ठरलेला होता. दालचिनी सहाणेवर उगाळायची आणि गुरुवारी संध्याकाळी कपाळावर लेप द्यायचा. शुक्रवारी डोकं दुखायचं हमखास थांबायचं. थांबणार नाही तर काय, शुक्रवारी लूमना सुट्टी असायची.

शनिवारी लूम सुरू, की ठणका सुरू. भाऊ म्हणायचे, तुम्ही पथ्य मोडलंत, मटण खाल्लंत. लोकांनी ते खाल्लेलं असायचंच, सुट्टीच्या दिवशी नाही खायचं तर कधी खायचं? बिचारे ओशाळून पुढच्या गुरुवारी पुन्हा दारात उभे. मी एकदा चारचौघांना शुक्रवारची गंमत उलगडून सांगितली. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि मलाच लेप लावायला सांगितला.

लेपाने कपाळाची आग व्हायची, सालपटं निघायची. सगळ्यांत जास्त हाल भाऊंच्या बायकोचे, माईंचे. त्यांचंच डोकं सगळ्यांत जास्त दुखायचं आणि वैद्य घरातच. कपाळ बारमाही तपकिरी. तरी त्या गुरुवारी निमूट डोळे मिटून बसायच्या.

एकोणनव्वद साली माई भावाकडे, केसरीनाथकडे, पडघ्याला लग्नासाठी गेल्या आणि तिथेच राहिल्या. मंगळवारी डोकं दुखलं नाही, बुधवारी नाही, आणि कपाळाला काही लावलेलंही नाही. निरोप आला, मी आता इकडेच राहते. भाऊंनी गल्लीत सांगितलं की इतक्या वर्षांचं औषध अखेर लागू पडलं. पण ते जेवेनात, चहात मीठ घालून तोच पिऊ लागले. माई परत आल्या नाहीत तर हा माणूस खचणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. राग बाजूला ठेवून मीच त्यांना एसटीत बसवून पडघ्याला नेलं.

केसरीनाथचं घर हायवेपासून आत, शेताच्या कडेला. माई अंगणात वाल सोलत होत्या. कपाळ स्वच्छ होतं. भाऊ शेजारी टेकले, तशी माईंनी मान वर न करता विषयाला हात घातला.

"शुक्रवारी मला बरं वाटायचं ते लूम बंद असायचे म्हणून. तुमच्या दालचिनीने नव्हे."

आता पथ्याचं काहीतरी निघणार म्हणून मी दात-ओठ खात उभा राहिलो. भाऊ माईंच्या कानाशी वाकले.

"मला पहिल्यापासून ठाऊक होतं. दुसरीकडे घर घेणं मला जमलं नाही. दालचिनी जमली. तुझं कपाळ बघून लोकही मागायला लागले. त्यांना नाही म्हटलं असतं, तर तुला कळलं असतं."

माझा सगळा राग तिथेच विरला. वाईट वाटलं, लाजही वाटली. पण हे गुपित भाऊ कुजबुजले होते ते आमच्या गल्लीच्या हिशेबाने. लूमच्या आवाजावर आवाज चढवून सगळी हयात गेलेली, त्यांची कुजबुज म्हणजे पडघ्याच्या शांततेत दवंडीच. समोरच्या गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. पलीकडच्या शेतातून केसरीनाथचा शेजारी सावळाराम म्हणाला, "भाऊ, वयनींला सांगता का आमाला? समद्यांनी आयकलं हाय."

माईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. मग उठून पिशवीत कपडे भरू लागल्या. केसरीनाथ म्हणाला, दोघंही इथेच राहा ना. माईंनी नकाराची मान हलवली.

भाऊ काकुळतीला आले. "अगं, तिकडे डोकं दुखेल तुझं."

"दुखू दे," माई म्हणाल्या. "तुम्ही इथे राहिलात तर सगळ्या गावाचं दुखेल."