मंडईत टॉवर बसला तेव्हा

दिवाळी झाली की चिचगडच्या पलीकडच्या आमच्या जंगलातल्या गावात मंडई भरते, म्हणजे जत्राच. दुपारी नाचगाण्याची दंडार रंगते आणि ती मोबाइलमध्ये धरायला हजार हात वर होतात. टॉवर एकच. गावापुरता तो बरा चालतो, पण मंडईला दहा गावं त्याच्या अंगावर येतात आणि तो पार बसतो.

मी इथली आशा कार्यकर्ती. माझा आवाज मोठा आणि डोकं तापट, असं सासरचे म्हणतात. खोटं नाही.

त्या दुपारी मैदानामागच्या घरातून बोलावणं आलं. पहिलटकरीण, नववा महिना, आणि रक्त जायला लागलेलं. जीपमध्ये कोंबून नेण्यासारखी तिची अवस्था नव्हती. सलाईन आणि डॉक्टर असलेली गाडीच हवी होती. मी एकशेआठ लावला. मोबाइलवर रेंजच्या दांड्या चारही भरलेल्या, पण फोन लागेना. सात वेळा लावला. पोरीचे ओठ पांढरे पडत चालले होते आणि तिची सासू नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती.

पळत दंडारीच्या मंचाशी गेले आणि माइकवरच्या गुरुजींना सांगितलं. भला माणूस. त्यांनी नाच थांबवला आणि घोषणा केली, "एका बाईले लय तरास होऊन राहिला. ज्याच्याजवळ फोन असन, त्यानं एकशेआठले लावा!"

झालं! सगळी मंडई मदतीला धावली. हजार जणांनी एकाच वेळी तोच नंबर फिरवला. आधी निदान मधूनमधून टूं-टूं तरी ऐकू यायचं, आता तेही गेलं.

मला रेशनचं दुकान आठवलं. तिथलं अंगठ्याचं मशीनही याच टॉवरवर चालतं; ते अडकलं की दुकानदार रांगेवर खेकसतो, सगळे कुरकुरत मोबाइल बंद करतात, आणि मशीन अंगठा घेतं. त्यात शास्त्र किती ते मला ठाऊक नाही. मी गुरुजींच्या हातातून माइक हिसकावला.

"ठेवा ते फोन खाली! काऊन सारेच लावून राहिले? पुरे बंद करा, रेशनच्या लाइनीत करता तसे! आता एकच फोन चालन इथं, आन् तो माहा!"

पुढे बसलेले एक म्हातारे म्हणाले, "ताई, माहा पोरगा पुण्याहून दंडार पाहून राहिला ना."

"त्याले म्हना, दंडार पुढच्या सालीही आहे. बंद करा, बाबाजी!"

त्यांनी केला. मग दंडारीतल्या नाच्यानं कमरेला खोचलेला मोबाइल काढला, सगळ्यांना दाखवून बंद केला आणि परत खोचला. हशा पिकला. फुगेवाल्यापासून पोलीस पाटलापर्यंत एकेकाचा मोबाइल खिशात गेला. मी पुन्हा लावला. रिंग गेली! पलीकडची मुलगी शेजारच्या खोलीतून बोलावी तशी स्पष्ट ऐकू आली.

गाडीतल्या डॉक्टरांचे रस्ता विचारायला दोन फोन आले, तेही लागले. दुकानदारांनी पालं उचलून वाट मोकळी केली. मी आणि तिची सासू पोरीसोबत गाडीत बसलो.

देवरीच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. बाळ खणखणीत रडलं, आई वाचली. मीही रडले, त्यात लाज कसली?

बाहेर व्हरांड्यात येऊन गुरुजींना फोन लावला. लागणार नाहीच, असं धरूनच लावला. अडीच तास उलटून गेले होते, आणि मंडईत अडीच तास मोबाइल बंद ठेवणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. पहिल्याच वेळी रिंग गेली. बातमीसाठी गुरुजींचा तेवढा सुरू ठेवून सगळं मैदान अजून मोबाइल बंद करून बसलं होतं.

गुरुजींनी फोन माइकला लावला. मी ओरडले, "पोरगी झाली! दोघीही बऱ्या आहेत!"

शिट्ट्या, ढोलकी, आरोळ्या, आणि त्यातच फोन कटला. पुन्हा लावला, लागेना. पुन्हा लावला, नाहीच. साऱ्यांनी एकदमच मोबाइल सुरू केले होते आणि गोंदियापासून पुण्यापर्यंत जो तो हीच बातमी सांगत सुटला होता. बसू दे टॉवर, म्हटलं, आणि पोरीच्या सासूला घेऊन चहा प्यायला गेले.